वाचलेले चौघे

एका माणसाच्या हातून चार जीव वाचावेत, याहून मोठं पुण्य नाही. आमच्या कळमनुरी तालुक्यात असा एक पुण्यवान माणूस होता आणि माझी त्याची पुष्कळ वर्षांची ओळख होती. हिरामण त्याचं नाव. त्यानं वाचवलेले चौघेही मला ठाऊक आहेत. हिरामणचं नाव निघालं की ते थुंकायचे. म्हणजे तिघे थुंकायचे. चौथा नुसता दुसरीकडं बघायचा.

हिरामण तांड्यावरचा. त्याच्या आजा-पणजानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, बापानं शेती धरली आणि हिरामणनं विहिरी. विहीर खोदायची क्रेन होती त्याची: तीन लोखंडी पाय, एक डिझेल इंजिन, तारेचा दोर आणि त्या दोराला मुरूम किंवा माणूस, जे काय वरखाली करायचं असेल ते मावेल एवढी बादली. ट्रॅक्टरमागं ती क्रेन ओढत तो वारंगा फाट्यापासून नरसीपर्यंत हिंडायचा. अंगानं किडकिडीत, मिशा त्या अंगाला न शोभणाऱ्या मोठ्या, आणि बघणं असं की समोरच्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटावं. बहुतेक वेळा समोरच्याचं चुकतही असायचं.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या महाविद्यालयाच्या आवारात. तिथं मी तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवायचो. ज्यांना दुसऱ्या कुठल्याच विषयात जागा मिळाली नाही अशी मुलं माझ्याकडं येत. आवारातल्या जुन्या विहिरीचा गाळ काढायला संस्थेनं हिरामणला बोलावलं होतं. गाळ काढण्याचंही उद्‌घाटन असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. सचिव नारळ घेऊन उभे होते, प्राचार्य भाषणाचा कागद घेऊन. हिरामणनं दोघांना काठापासून मागं सारलं, ट्रॅक्टरवरून एक पोचे आलेला कंदील काढला, पेटवला आणि सुतळीला बांधून विहिरीत सोडला. चांगलं डोक्यावर ऊन आलेलं. सगळ्यांना वाटलं, हा त्यांच्यातला काही विधी असावा. सचिवांनी चपला काढल्या.

कंदील तळाशी पोचला, तिथं जळत राहिला. हिरामणनं तो वर ओढला आणि आपल्या माणसाला उतरायची खूण केली. मी विचारलं, हे काय होतं.

"खाली हवा हाय का न्हाई ते पाह्याचं असतं, सर. आधी कंदील जाऊ द्याचा. त्याला लेकरंबाळं न्हाईत."

सचिवांनी चपला परत घातल्या.

ते काम आठ दिवस चाललं आणि त्या आठ दिवसांत मी विहिरींबद्दल जे शिकलो ते त्याआधीच्या पन्नास वर्षांत शिकलो नव्हतो. वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो. त्याची जड हवा तळाशी बसून राहते. तिला वास नसतो, रंग नसतो. उतरलेला माणूस गाळात पाय टेकतो, दोन श्वास घेतो आणि खाली बसतो. वरच्यांना वाटतं त्याला चक्कर आली. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. मग दोघांना काढायला तिसरा. अशी प्रेतं काढायला पोलीस हिरामणलाच बोलवायचे, कारण क्रेन त्याची आणि गळही त्याचाच. गळ म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायचा चौमुखी आकडा. त्याचा मोठा होता. एकदा पैनगंगेच्या पलीकडं त्यानं एकाच विहिरीतून बाप आणि दोन मुलगे असे तिघे काढले होते. ती हकिकत तो फार थोडक्यात सांगायचा. "पयला हिरीनं मेला, सर. बाकीचे दोघं मायेनं मेले."

माझ्या वर्गाची खिडकी विहिरीकडं होती. त्या वर्षी मी मुलांना तो प्रसिद्ध प्रश्न घातला होता. आगगाडी भरधाव येते आहे, रुळावर पाच माणसं आहेत, तुमच्या हातात खटका आहे. खटका ओढला तर गाडी दुसऱ्या रुळावर जाईल, पण तिथंही एक माणूस आहे. काय कराल? मुलांनी खटका ओढला. दर वर्षी ओढतात. पाचातून एक गेला, चार उरले, असं फळ्यावर लिहावं एवढं ते सोपं असतं. हिरामण खिडकीच्या गजाला टेकून पाणी पीत होता. तो म्हणाला, "पाच जन रुळावर काम करून राहिले तर मागं लाल झेंडी काहून न्हाई लावली?"

मी म्हणालो, प्रश्नात झेंडी नाही.

"मंग चूक त्याची हाय ना, ज्यानं लावली न्हाई. त्याला सोडून खटकेवाल्याला काहून इचारून राहिले तुमी?"

मुलं हसली. मीही हसलो; आणि नीतिशास्त्रात व्यवहार आणायचा नसतो असं काहीतरी बोललो.

यानंतर सहा-सात वर्षांनी वैशाखात ते घडलं. मी तिथं नव्हतो. मी ते पाच जणांकडून ऐकलं आहे, प्रत्येकाकडून अनेकदा. चौघांच्या हकिकती दर वर्षी वाढत गेल्या. हिरामणची दर वर्षी आखूड होत गेली.

तांड्यापासून कोसभरावर एक गाव आहे. तिथल्या सखारामच्या शेतात अकरा वर्षं बंद असलेली विहीर होती, वर बोरीच्या काट्या टाकून झाकलेली. ती उपसायचं ठरलं. हिरामण आदल्या दिवशी येऊन काठावरून बघून गेला आणि बजावून गेला, की मी येईपर्यंत कुणी उतरायचं नाही. सकाळी काट्या काढल्या. हिरामणच्या ट्रॅक्टरला उशीर झाला. सखारामचा धाकटा मुलगा विलास, पंचवीस वर्षांचा, हसरा, कामाला वाघ, तो म्हणाला, नुसता गाळ किती आहे तेवढं बघून येतो, म्हणजे हिरामण आल्यावर वेळ जायला नको. दोर बाभळीला बांधून तो उतरला. खाली गेला, वर बघून हात केला आणि गाळात बसला. मान छातीवर पडली.

त्याच वेळी बांधावरून ट्रॅक्टर येत होता. हिरामण पळत आला तेव्हा काठावर चौघे होते: बाप सखाराम, थोरला भाऊ बालाजी, चुलता उत्तम आणि विलासचा मित्र माधव. बालाजीनं दोर धरून एक पाय आत टाकला होता. हिरामणनं त्याला बगलेत हात घालून मागं ओढलं. बालाजी ओरडला, की हवा नाही हे तुला काय माहीत, तू तर आत्ता येऊन राहिलास.

"मंग तो बसला कसा?" हिरामण म्हणाला. "झोप लागली का त्याला?"

क्रेन उभी करायला दीड तास लागतो. हिरामणनं गळ सोडला. बाकीच्यांना सांगितलं, हौदातलं पाणी आणून आत फेका, लिंबाची फांदी दोराला बांधून वरखाली करा, खालची हवा हलू द्या. उत्तमनं दोन बादल्या फेकल्या. पण कुणाचं मन त्यात नव्हतं, कारण खालून आवाज येत होता. घोरल्यासारखा. पोरगं जिवंत होतं. पन्नास फुटांवर जिवंत पोरगं, वर चार धडधाकट माणसं, मध्ये दोर. आणि हा सांगत होता फांदी हलवा. बालाजी पुन्हा दोराकडं गेला, त्याच्यामागं माधव, त्याच्यामागं सखाराम. हिरामणनं ट्रॅक्टरवरचा कोयता आणला आणि दोर तोडला. तोडलेला दोर विहिरीत पडला.

त्यानंतर तो कोयता घेऊन काठावर उभा राहिला आणि म्हणाला, जो पाय टाकील त्याचा पाय तोडीन. सखारामनं डोक्याचा रुमाल काढून त्याच्या पायावर ठेवला. हिरामणनं पाय मागं घेतला नाही आणि कोयताही खाली ठेवला नाही. दुसऱ्या हातात गळाचा दोर होता. गळ विलासच्या सदऱ्यात दोनदा अडकला. दोन्ही वेळा सदरा फाटला. पाव तासानं आवाज थांबला.

मी एकदाच हिरामणला त्या पाव तासाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आवाज सगळ्यांत बराबर मलाच येत व्हता, सर. गळ हलला की आवाज बदलायचा."

बंब दोन तासांनी आला. शेताला रस्ता नव्हता. त्या लोकांनी मोठ्या पंख्यानं तासभर आत हवा सोडली, मग तोंडाला नळी लावून एक जण उतरला आणि विलासला वर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला सगळा गाव विहिरीवर लोटला होता. बालाजी सांगत होता, खाली काहीच नव्हतं, विलासला भोवळ आली होती, दोन मिनिटांत वर आणला असता. आणि इथं हिरामणनं आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. त्याचा एका वस्तूवर विश्वास होता. देवावर नव्हता एवढा. त्यानं कंदील पेटवला आणि सगळ्यांसमोर विहिरीत सोडला.

कंदील तळाशी गेला आणि जळत राहिला.

आदल्या दिवशी तासभर पंखा लावल्यावर दुसरं काय होणार होतं? हे कुणीही समजू शकेल असं मला वाटायचं. पण दोनशे माणसं काठावर उभी होती आणि खाली स्वच्छ पिवळा उजेड पडला होता. कंदील विझला तर माणूस मरतो, जळला तर जगतो, हे हिरामणनंच तालुक्याला वीस वर्षं शिकवलेलं. आता त्याच्याच कंदिलानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. त्यानं समजावून सांगायला हवं होतं. पण तो नुसता खाली बघत राहिला. मला नंतर म्हणाला, "तेल संपेस्तोवर जळला हरामखोर."

बालाजीनं तक्रार दिली: दोर तोडला, कोयता दाखवला, जिवंत माणसाला गळ लावला. शेवटचं गावाला फार लागलं होतं. गळ मेलेल्याला लावतात. शवविच्छेदनाच्या अहवालात श्वास कोंडून मृत्यू असं आलं, ज्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लावता येत होता. वर्षभर हिरामण ठाण्यात हेलपाटे घालत राहिला, मग फाईल बंद झाली. कुणा अधिकाऱ्यानं शेवटच्या पानावर शेरा मारला होता, की सदर इसमाच्या कृतीमुळे इतर चार इसमांचे प्राण वाचले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या चार इसमांना हा शेरा कुणी वाचून दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी कागद फाडला असता.

मेलेला माणूस दिसतो. त्याचा फोटो भिंतीला लागतो, त्याला हार पडतो, त्याची आई त्याच्याकडं बघून जेवत नाही. न मेलेली चार माणसं मात्र कशानंच सिद्ध करता येत नाहीत. ती नुसती चहा पीत बसलेली दिसतात. बालाजीनं फाट्यावर खताचं दुकान टाकलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दोन मिनिटांचा हिशेब सांगायचा. काही वर्षांनी उत्तम ग्रामपंचायतीला उभा राहिला. त्याच्या पत्रकात 'पुतण्यासाठी विहिरीत उडी घेणारा' असं छापलं होतं. उत्तमनं त्या दिवशी दोन बादल्या फेकल्या होत्या. तो निवडून आला.

सखारामचं वेगळं होतं. विलासच्या तेराव्याला हिरामण त्याच्या दारात गेला होता. त्याला उंबऱ्याच्या बाहेरून परत पाठवलं. मी मध्यस्थी करायला गेलो. शिकलेल्या माणसाला वाटतं की नीट मांडणी केली की दुःख ऐकतं. मी सखारामला सांगायला लागलो, की तुम्ही उतरला असता तर तुम्हीही वाचला नसता. त्यानं मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"मला ठाऊक हाय की, सर," तो म्हणाला. "मला कुठं वाचायचं व्हतं? मला जायाचं व्हतं. त्यानं मला लेकरापशी जाऊ दिलं न्हाई."

पाचातून एक वजा करायला शिकवणारा मी उठलो, चपला घातल्या. घरी आलो. त्या वर्षापासून मी तो आगगाडीचा प्रश्न वर्गात घेणं बंद केलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. अभ्यासक्रमात होता, घेतला.

हिरामणला एकच हवं होतं. चौघांतल्या एकानं म्हणावं, बराबर केलंस. चारचौघांत नाही म्हटलं तरी चालेल, बांधावर भेटला असता म्हणावं. तो हे बोलून दाखवत नसे, पण त्या गावाच्या रस्त्यानं गरज नसताना ट्रॅक्टर न्यायचा, बालाजीच्या दुकानासमोर वेग कमी करायचा आणि मग पुढं जायचा. एकदा माझ्याकडं चहाला बसला असताना म्हणाला, "सर, तुमचे ते रुळावरचे पाच जन. गाडी दुसरीकडून गेली, हे वाचले. मंग ते कोन्या गावाला गेले?"

मी म्हणालो, प्रश्न तिथं संपतो.

"त्याच गावात ऱ्हात असतील ना. आन् खटकेवाला बी तिथलाच." त्यानं बशी खाली ठेवली. "अर्धाच सवाल शिकवून राहिले तुमी."

माधव कळमनुरीत ऑटो चालवायचा. चौथा, दुसरीकडं बघणारा, तो हा. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी मी एकटाच त्याच्या ऑटोत होतो. नदीचा पूल ओलांडल्यावर त्यानं न विचारता सांगितलं, की त्या दिवशी विलासला हाक मारायला तो काठावरून पार आत वाकला होता, आणि त्याचं डोकं गरगरलं होतं, कानात घुंईऽऽ झालं होतं, गुडघे गेले होते. दोर तुटला तेव्हा त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याचीच इतकी लाज वाटली की हिरामणला पहिली शिवी त्यानंच दिली.

मी म्हणालो, हे तू सगळ्यांना सांग.

"सखारामकाका काय म्हनंल, सर? मी विलासचा दोस्त. मी म्हनू का, खाली मरन व्हतं, बरं झालं गेलो न्हाई?"

मी हे हिरामणला सांगितलं. चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "तुमी सांगून काय फायदा," तो म्हणाला. "त्यानं सांगावं."

त्यानं सांगितलं नाही. हिरामणनं पुढं क्रेन विकली. ज्याला विकली त्याला कंदीलही दिला आणि तो कसा सोडायचा हे दोन तास शिकवलं. त्या माणसानं आता बॅटरी घेतली आहे असं ऐकतो. शेवटची वर्षं हिरामण तांड्यावरच असायचा, सोयाबीन बघायचा, कमी बोलायचा. गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं गेला. मयतीला तांडा होता, दोन-तीन पोलीस होते, मी होतो. माधवचा ऑटो लांब रस्त्यावर थांबलेला मला दिसला. तो उतरला नाही. अग्नी द्यायच्या आत निघून गेला.

हिरामणच्या सत्काराचं मी मुद्दाम मागं ठेवलं आहे, कारण त्यात माझा हात आहे.

तो जायच्या सहा-सात महिने आधी तालुक्यातल्या एका प्रतिष्ठानानं 'जीवनदाता' असा पुरस्कार काढला. प्रतिष्ठानाचं नाव सांगत नाही. ते इतकं लांब होतं की बॅनरवर दोन ओळींत मोडावं लागलं होतं. अध्यक्षांच्या कुणा नातलगाला ती बंद फाईल आणि तिच्यावरचा शेरा सापडला होता. मला मानपत्र लिहायला सांगितलं, आणि हिरामणला तयार करायलाही. तो नाही म्हणत होता. शाल घेऊन तो काय करणार होता? मग त्यानं विचारलं, "चौघं येनार हायत का?"

मी 'येतील' म्हणालो नाही. 'सगळ्यांना निमंत्रणं गेली आहेत' म्हणालो. तर्कशास्त्र शिकवल्याचा एवढा उपयोग होतो.

तो आला. नवा पांढरा सदरा होता, घडीच्या रेघा तशाच. मंगल कार्यालयात तीनशे खुर्च्या आणि सत्तर माणसं होती. दीपप्रज्वलनाला समई पेटेना, पंखे बंद करावे लागले. भाषणं झाली. मानवता, त्याग, कर्तव्यकठोरता. मी मानपत्र वाचलं. त्यात चार प्राण होते, दोन संस्कृत शब्द जास्तच होते आणि विलासचं नाव नव्हतं. ते घालायचा मी प्रयत्न केला होता. वाक्य बिघडत होतं.

हिरामणला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यानं माइक तोंडापासून लांब धरला.

"इलास लई चांगलं पोरगं व्हतं," तो म्हणाला आणि माइक परत दिला. लोकांना वाटलं अजून बोलेल. मग टाळ्या वाजवल्या.

यानंतर निवेदकानं उत्साहानं जाहीर केलं, की ज्यांचे प्राण वाचले ते चौघे आता आपल्या जीवनदात्याला हार घालतील. नावं पुकारली. सखाराम आला नव्हता. बालाजी, उत्तम आले नव्हते. माधव आला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत. त्याचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्या सभागृहात एक हिरामणच तिकडं बघत होता, आणि मी. माधव खाली वाकला आणि चपलेचा पट्टा लावू लागला. नाव पुन्हा पुकारलं. पट्टा लागत नव्हता. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

हार चार आणले होते. फोटोग्राफर तयार होता आणि अध्यक्षांना पुढं लग्नाला जायचं होतं. ते म्हणाले, कोणीही चार जण या, लवकर. मला कोपरानं पुढं ढकललं. आम्ही चौघांनी ओळीनं हार घातले. माझी पाळी आली तेव्हा हिरामणनं मान वाकवली आणि हाराच्या आडून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "सर, तुमी कव्हा पडले हिरीत?"

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चार कॉलमी फोटो आला. खाली ओळ होती, 'जीवनदात्यासोबत प्राण वाचलेले चौघे.' त्यांतला पहिला मंडपवाला आहे, तिसरा लाउडस्पीकरवाला, चौथा अध्यक्षांचा ड्रायव्हर. डावीकडून दुसरा मी आहे.